चौऱ्याण्णव मीटर

आक्काबाईला हलवायचंच झालं तर चार पावलांपलीकडे नाही, असं मुक्ताईनगरच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. आजार मणक्यात उतरला होता. तेव्हा आक्काबाई काही जळगावच्या कोर्टात गेली नाही. कोर्टाची गाडीच तिच्या दारात आली.

गाडी कसली, चाकांवरची खोलीच ती. लांब, पांढरी. आत पलंगाएवढा बाक, टेबल, कॅमेरा, पडदा, एसी, हात धुवायला बेसिन. ड्रायव्हर शालिग्राम तीतच झोपायचा आणि तीतच चहा करायचा. ज्यांना कोर्टापर्यंत येणं जमत नाही अशा साक्षीदारांकडे ही गाडी जायची आणि तिच्यातली यंत्रं सांभाळायला प्रज्ञा जायची. प्रज्ञा धुळ्याची, भौतिकशास्त्र शिकलेली, बोलायला कमी. वडील देवचंद वीज खात्यात लाइनमन होते. तार मेलेली दिसली तरी ती जिवंत समजायची, एवढी एक गोष्ट त्यांनी लेकीला लहानपणापासून शिकवली होती.

गाव पूर्णेच्या काठी, खोलगटात. मोबाइलला कधी एक कांडी, कधी तीही नाही. गाडीच्या टपावरची अँटेना दोन तास इकडे तिकडे फिरवून पाहिली, पण पडद्यावरचा माणूस ओठ हलवायचा आणि आवाज मागून यायचा. भरवशाचं इंटरनेट गावात एकाच ठिकाणी होतं, ग्रामपंचायतीच्या ऑफिसात. तिथपर्यंत गाडी न्यावी तर बोळ बैलगाडीच्या मापाचा. आक्काबाईला तिथे न्यावं तर डॉक्टरांचा कागद आडवा. उरलं एकच, ग्रामपंचायतीपासून गाडीपर्यंत केबल ओढायची.

प्रज्ञानं टेप लावून अंतर मोजलं. रस्त्यानं वळसा घेऊन दीडशे मीटर भरत होते. या केबलचं काम शंभर मीटरच्या आतच नीट चालतं, हे तिला पाठ होतं. मोतीलालच्या वाड्याच्या भिंतीला लागून गेलं तर चौऱ्याण्णव.

मोतीलालचं नाव निघालं तशी जमलेली माणसं एकेक करून मागे सरली. शालिग्रामनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, की मोतीलाल हा पंडितचा सख्खा भाऊ. आणि खटला पंडितवर होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तोतारामआबांचा मुलगा ललित पहाटे मोटार चालू करायला शेतात गेला तो आलाच नाही. सात वाजता पाटाच्या पाण्यात सापडला. पोलिसांच्या पहिल्या कागदावर लिहिलं गेलं, पाण्यात बुडून मृत्यू, कारण अज्ञात. पण पोराच्या घोट्यावर रुपयाएवढा काळा डाग होता, आणि तो पाण्यानं पडत नाही हे आबांना कळत होतं. पंडितनं रानडुकरांसाठी मक्याभोवती उघडी तार लावून तिच्यात वीज सोडली होती, असं गावात कुजबुजत बोललं जायचं. पोलीस आले तेव्हा मात्र तार नव्हती आणि खुंट्याही नव्हत्या. तो 'अज्ञात' शब्द कागदावरून हलवायला आबांना दीड वर्ष लागलं. त्यांनी उंबरठे झिजवले, अर्ज केले. शेवटी आक्काबाई बोलली. ती पंडितच्याच शेतात निंदणीला जायची, म्हणून इतके दिवस तोंड शिवून बसली होती. आजाराचं नाव कळलं त्या आठवड्यात तिनं सुनेला सांगितलं, "आता मले कोणाच्या शेतात जायचं आहे?" आणि पोलिसांना बोलावून घेतलं. पंडितला तार गुंडाळताना तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसरा साक्षीदार नव्हता.

म्हणून ही केबल.

मोतीलालकडे प्रज्ञा स्वतः गेली. भिंतीलगत केबल टाकायची आहे, दोन दिवसांत काढून घेऊ, असं तिनं सांगितलं. तो ओट्यावर बसून ऐकत राहिला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. उठून भिंतीला बांधलेली म्हैस सोडली, दुसऱ्या खुंट्याला बांधली आणि आत निघून गेला.

केबलच्या रिळात बाहेर वापरायची जाड केबल चौऱ्याण्णव मीटर असायला हवी होती, निघाली साठ. बाकीची मागच्या गावी कोणीतरी कापून वापरली होती. उरलेल्या चौतीस मीटरना घरात वापरायची पातळ केबल जोडणं भाग होतं. प्रज्ञानं आठही तारांची जोडणी एकेक करून केली, प्रत्येकीवर टेप गुंडाळली, वरून पुन्हा टेप. असा मधला जोड चांगला नसतो हे तिला माहीत होतं. दोन दिवसांचंच काम आहे, हेही तिनं स्वतःला सांगितलं.

तोतारामआबा बाजूला उकिडवे बसून पाहत होते. सत्तरीचा, काटक माणूस. धोतरावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, आणि ते डाग कधी धुऊन जात नाहीत. केबलला त्यांनी हात लावला नव्हता. ती पायापाशी आली तर पाय मागे घेत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं.

"ताई, याच्यात करंट राहते का?"

प्रज्ञाचा हात थांबला. हा प्रश्न कोण विचारतंय हे तिला नीट कळत होतं. म्हणून तिनं नेमकं आणि खरं उत्तर दिलं. "नावापुरता, आबा. उघडी तार धरली तरी कळायचं नाही." तिनं दोन उघडी टोकं स्वतःच्या चिमटीत धरून दाखवली. "ओली झाली तरी कोणाला काही होणार नाही."

आबांनी एक बोट पुढे करून तार शिवली. मग पूर्ण तळवा ठेवला. मग उठून म्हणाले, की तरीपण अशी उघडी नको, गुरं तुडवतील, पोरंबाळं ओढतील. आणि घराकडे गेले.

आले ते खांद्यावर ठिबकची कोरी नळी घेऊन. जूनमध्ये लावायच्या केळीसाठी आणलेलं काळ्या नळीचं भेंडोळं, अजून पट्टीसुद्धा न तोडलेलं, एकही भोक न पाडलेलं. जुन्या नळ्या चालल्या असत्या, असं प्रज्ञा म्हणाली, तर त्यांनी मान हलवली. जुन्या सगळ्या खारींनी चावलेल्या. उन्हाळ्यात खार नळी फोडते, हे जळगावकडे कोणाला सांगावं लागत नाही.

मग दोघांनी मिळून ते काम केलं. वीस-वीस मीटरचे तुकडे कापायचे, केबल त्यातून ओवायची, तुकड्याला तुकडा जॉइनरनं ठोकून बसवायचा. आबांचा हात त्यात बसलेला होता. नळीचं तोंड गरम पाण्यात बुडवून मऊ करायचं आणि एका दाबात बसवायचं, म्हणजे थेंब गळत नाही. "गळलं तर शेतकऱ्याचं नाक कापलं जाते," ते म्हणाले. दुपारभरात त्यांनी काढलेला तेवढाच एक विनोद. नळी ग्रामपंचायतीच्या खिडकीतून खाली उतरली, बोळ ओलांडून मोतीलालच्या भिंतीलगत गेली, तिथल्या सखल जागेतून पुढे आली आणि गाडीच्या खिडकीशी वर चढली. प्रज्ञानं टोकांना प्लग बसवले. पाच वाजता जळगावच्या ऑफिसातला माणूस पडद्यावर स्पष्ट दिसला, त्याच्या टेबलावरच्या कपाची कड फुटलेली होती तीसुद्धा.

आक्काबाईनं खाटेवरून विचारलं, की पोरीचं नाव काय. प्रज्ञा, असं सुनेनं सांगितलं. म्हातारीनं कष्टानं हात उचलला. "जयभीम, माय," ती म्हणाली. "उद्या मले लवकर बोलू दे. दुपारी गोळी घेतली की जीभ जड होते."

प्रज्ञा मुक्कामाला मुक्ताईनगरला गेली.

सकाळी नऊला तिनं यंत्र लावलं तेव्हा जोडणी आली, पण वेग शंभरवरून दहावर. काल पूर्ण शंभर होता. वाटेत हरवणाऱ्या डेटाच्या तुकड्यांचा आकडाही हळूहळू वाढत होता. जोड उन्हानं सैल झाला असेल, असं तिला वाटलं. साक्षीला दहाचा वेगही पुरतो. नळीच्या कडेनं एकदा चालून पाहावं, असं मनात आलं होतं. पण तेवढ्यात सून बोलवायला आली, आक्काबाईला गाडीत घ्यायचं होतं. चादरीची झोळी करून चौघांनी तिला उचललं, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला त्यानंतर प्रज्ञाच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही.

अकरा वाजता कोर्ट बसलं. पडद्यावर न्यायाधीश, सरकारी वकील, पंडितचे वकील, आणि मागच्या कठड्यात पंडित; इस्त्रीचा सदरा घातलेला. आक्काबाईनं शपथ घेतली. गाडीच्या दारात आबा उभे होते. त्यांना आत यायची परवानगी नव्हती, म्हणून ते पायरीवरही पाय ठेवत नव्हते.

सरकारी वकिलांनी सावकाश विचारलं, ती सावकाश सांगत गेली. गवताला निघाले होते. अजून उजाडायचं होतं. पंडितच्या मक्यापाशी आले. बांधावर कोणीतरी वाकलेलं दिसलं. मले वाटलं खुरपं शोधते. मी काठी टेकून बांधापाशी आले, आणि

चित्र थिजलं. पडद्यावर सरकारी वकिलांचा हात अर्धा वर उचललेला तसाच राहिला. आक्काबाई बोलत होती; दोन वाक्यं बोलल्यावर तिला कळलं की समोरचं कोणी हलत नाही, आणि ती थांबली.

प्रज्ञानं यंत्र बंद-चालू केलं. दोन्ही टोकं तपासली. तपासणी यंत्रानं आकडा दाखवला, दोष साठ मीटरवर. म्हणजे जोड. ती पळत मोतीलालच्या भिंतीपाशी गेली आणि सखल जागेतला जॉइनर ओढून काढला.

नळीतून पाणी आलं. थेंब थेंब नाही, धार. कोमट, पायांवर, चपलांवर, धुळीत. ते बराच वेळ येत राहिलं.

मागे माणसं गोळा झाली होती. कोणीतरी म्हणालं, भिंत कोणाची आहे ते पाहा म्हणजे कळेल. दुसऱ्यानं मोतीलालचं नाव घेतलं, तिसऱ्यानं शिवी दिली. ओट्यावरचं दार बंद होतं. प्रज्ञानं मागे वळून पाहिलं ते आबांकडे. आबा पाण्याकडे पाहत होते. आपल्या शेतात पाण्याची चारी फुटल्यावर शेतकरी पाहतो तसं नाही. स्वतःचा हात यंत्रात गेल्यावर माणूस हाताकडे पाहतो, तसं.

तिला त्याच क्षणी कळलं. पण तेव्हा बोलायला वेळ नव्हता. तिनं जोड कापला, तारा पुसल्या, नव्यानं पिळल्या. पातळ केबलच्या सालीत पाणी दूरवर शिरलं होतं. कापावं तिथे तांबं ओलं. आक्काबाईला खाटेवर घालून ग्रामपंचायतीत न्यायची तयारी चौघांनी दाखवली, तर सून दारात आडवी झाली. पंचवीस मिनिटांनी चित्र आलं, थिजलं, गेलं. ग्रामपंचायतीच्या फोनवरून निरोप आला, की साहेबांनी दुसरं प्रकरण घेतलं आहे. पुढची तारीख अठरा दिवसांनी.

अठरा दिवस. डॉक्टरांनी सुनेला सांगितलेला आकडा याहून लहान होता.

सरकारी वकिलांचा फोन त्यानंतर आला. ते चांगले गृहस्थ होते, घाईत होते. पाणी नळीत आपोआप जात नाही, असं ते म्हणाले. कोणी मुद्दाम केलं असेल तर तुमच्या अहवालात तसं लिहा. साक्षीदाराला अडवायचा प्रयत्न, म्हणून मी आजच अर्ज देतो. पंडितचा जामीन जाईल, आणि मुख्य म्हणजे तारीख दोन-तीन दिवसांत मिळेल. नाव नसलं तरी चालेल. नुसती तांत्रिक चूक असेल, तर मग मात्र माझे हात बांधलेले. मोबाइलवर म्हातारीचं बोलणं घेऊन ठेवू का, असं प्रज्ञानं विचारलं. शपथ नाही, उलटतपास नाही, त्याला कोण विचारतं, असं ते म्हणाले. चार वाजेपर्यंत अहवाल पाठवायचा होता.

ग्रामपंचायतीच्या बाकावर ती कागद घेऊन बसली. आबा दारातून आत आले आणि जमिनीवर बसले. बाकावर बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"कधी भरलंत, आबा?"

"तुमी गेल्यावर. दिवस बुडायच्या आधी." ते फरशीकडे पाहून बोलत होते. "कोरडी नळी ठेवली की खार येते. पाण्यासाठी चावते. भरून ठेवली तर लागत नाही तिच्या नादी. तीस वर्सं झाली, मी असंच करतो. एक रात्र कोरडी ठेवत नाही." मग म्हणाले, "तुमी म्हणल्या होत्या, ओली झाली तरी काही होत नाही."

कोणाला काही होत नाही, असं ती म्हणाली होती. माणसाबद्दल विचारलं होतं, तिनं माणसाबद्दल सांगितलं होतं. केबलबद्दल सांगायचं तिला सुचलं नव्हतं. तिनं मनाशी हिशेब केला. नळीची आतली जागा, त्यातून केबलची जाडी वजा, गुणिले लांबी: अकरा लिटर. गाडीच्या खिडकीशी उभं राहून तांब्यानं, निमुळत्या तोंडात, हवा निघेपर्यंत थांबत थांबत. तासभर तरी लागला असेल. थेंबही सांडू दिला नसेल.

वकील काय म्हणाले ते तिनं त्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावर आशेसारखं काहीतरी वर आलं. बाहेर बोळात माणसं अजून मोतीलालच्या नावानं बोलत होती.

"मंग लिहा ना," आबा म्हणाले. "मोतीलालचं नाव नका लिहू. त्यानं म्हैस सोडली बिचाऱ्यानं. कोणाचंच नका लिहू. कोणी तरी केलं, इतकंच. पोलीस लिहितात ना तसं. अज्ञात…"

शब्द त्यांच्या तोंडातून निघाला आणि ते थांबले. प्रज्ञानं पेन उचललं नाही. भिंतीवरच्या पंख्याचा वारा कागदाची कड उचलत होता, खाली ठेवत होता. दोन दिवसांनी तारीख मिळाली असती. म्हातारी तोवर नक्की होती. एका शब्दाचं काम होतं, आणि ते कोणाला कळलंही नसतं.

आबांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"माझंच लिहा," ते म्हणाले.

तिनं लिहिलं. नळीत अंदाजे अकरा लिटर पाणी भरण्यात आले होते. ते फिर्यादी तोताराम यांनी खारींपासून नळीचे रक्षण व्हावे म्हणून सद्हेतूने भरले. केबल ओली झाल्यास धोका नाही असे त्यांना मी सांगितले होते. केबल बंद पडू शकते हे सांगितले नाही. मधला जोड मी केला होता. सकाळी वेग कमी झालेला पाहूनही मी तपासणी केली नाही. तिनं ते वाचून दाखवलं. 'सद्हेतूने' म्हणजे काय, असं आबांनी विचारलं. तिनं सांगितलं. तो शब्द काढा, असं ते म्हणाले. तिनं तो काढला नाही. आबांनी सही केली. 'तोताराम'मधला रा बराच वेळ घेऊन.

गाडीत आक्काबाई अजून बाकावरच होती. तिला पुन्हा झोळीत घ्यायला सुनेचा धीर होत नव्हता. गोळीची वेळ टळून गेली होती, दिली नव्हती. जीभ जड होऊ नये म्हणून म्हातारीनंच घेतली नव्हती. प्रज्ञा आत आली तसं तिनं विचारलं, "पोचलं का माझं बोलणं?"

"'बांधापाशी आले', तिथपर्यंत पोचलं, आक्का."

"मंग पुढचं राहिलं."

"हो."

आक्काबाईनं बंद कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग प्रज्ञाकडे. सुनेला म्हणाली, बाहेर जा. सून गेली. मग ती बोलू लागली, शपथेवर बोलत होती तशीच, सावकाश.

"पंडित तार गुंडाळत होता. हे मी पोलिसाले सांगितलं. पण खाली पोरगं होतं, हे नाही सांगितलं. त्यानं आधी सारी तार गुंडाळली, खुंट्या उपसल्या, पोत्यात भरल्या. मंग पोराकडे आला. आणि माय, पोरगं हललं. हात हलला त्याचा, असा." तिनं चादरीवर स्वतःची बोटं उचलली, खाली ठेवली. "पंडितनं पाह्यलं. मी पाह्यलं. मंग त्यानं त्याले पाटाकडे ओढलं. मी बांधावरच्या झाडामागं होते. मी वरडले नाही."

एवढं सांगून तिनं गोळी मागितली. प्रज्ञानं दिली, पाणी पाजलं, हनुवटी पुसली. जे ऐकलं ते कागदावर उतरवलं असतं तरी त्याला ऐकीव म्हटलं गेलं असतं. तिनं यंत्राच्या वायरी काढल्या, एकेक गुंडाळून पेटीत ठेवल्या. दोन वेळा गुंडाळाव्या लागल्या.

बाहेर ऊन उतरलं नव्हतं. आबा भिंतीलगत नळी गोळा करत होते. हंगाम संपल्यावर करतात तसे, कोपर आणि तळव्याभोवती वेढे घेत. प्रत्येक तुकड्याचं एक टोक वर उचलून आतलं पाणी निथळू देत होते. मोतीलालची म्हैस परत जुन्या खुंट्याला बांधलेली होती. प्रज्ञाला पाहून ते थांबले.

"काय म्हणाली आक्का?"

प्रज्ञानं त्यांच्याकडे पाहिलं. दुपारपासून तिनं एक शब्द कमी-जास्त लिहिला नव्हता. आकडासुद्धा नाही.

"राहिलेलं सांगणार आहेत, आबा," ती म्हणाली. "पुढच्या तारखेला."

आबांनी मान हलवली. अठरा दिवस त्यांनाही मोजता येत होते. नळीचं टोक त्यांनी प्रज्ञाच्या हातात दिलं, आणि दुसरं टोक धरून उरलेले वेढे घ्यायला ते ग्रामपंचायतीकडे चालू लागले.